धाकट्या तळ्याची मोजणी

माझ्या नवऱ्याबद्दल सांगायचं तर सुरुवात माझ्या बहिणीपासून करावी लागते, आणि इथेच माझं डोकं तापतं. माझ्या कुठल्याही गोष्टीची सुरुवात तिच्यापासूनच होते. ती चार वर्षं आधी जन्मली आणि तेव्हापासून प्रत्येक रांगेत माझ्यापुढे उभी आहे.

आम्ही बहिणी दोघी आणि तळीही दोनच. वरचं ते थोरलं तळं, खालचं ते धाकटं. मधे कालवा आणि कालव्याच्या बांधावरून चाळीस मिनिटांची पायवाट. थोरल्या तळ्याचे राखणदार म्हणजे ताईचे यजमान, माझे भावोजी. धाकट्या तळ्याचे राखणदार आमचे हे. दोघे एकाच वर्षी पाणथळ खात्यात चिकटले. दोघांचा हुद्दा एक, दोघांच्या गमबुटांचा नंबरसुद्धा एक. माझं लग्नही भावोजींनीच जमवलं. 'आपल्या खात्यातला आहे, शब्दाचा पक्का आहे,' असं ते माझ्या वडिलांना म्हणाले होते. म्हणजे नवरासुद्धा मला ताईच्या घरूनच आला.

तरी पहिली बारा वर्षं बरी गेली. तिचं घर गळायचं, माझंही गळायचं. तिच्या कुंड्यांतली झाडं बकऱ्या खायच्या, माझ्याही खायच्या. मग थोरलं तळं यादीत गेलं.

ही यादी म्हणजे काय ते सांगते, कारण तिने माझ्या आयुष्याची आठ वर्षं खाल्ली आहेत. जगभरातल्या जपण्यासारख्या पाणथळ जागांची एक यादी असते. देशोदेशीची सरकारं सही करून कबूल करतात, की ही दलदल, हे तळं, ही खाडी आम्ही बुजवणार नाही, कोणाला बुजवू देणार नाही. आपल्या अख्ख्या देशात अशा सतरा जागा. थोरलं तळं त्यातलं नववं. ताईला विचारलं नाही तरी ती हा आकडा सांगते.

यादीत नाव गेलं आणि ताईचं नशीब फळफळलं. आधी निरीक्षण-मनोरा आला, मग जीप आली. घराला नवं छप्पर, न्हाणीत गरम पाण्याचा नळ. बैठकीच्या खोलीत मोहोर असलेलं पत्र काचेत बसवून अशा जागी लावलं, की चहाचा कप तोंडाला लावला की डोळे त्यावरच जावेत. ज्या घरी पूर्वी फक्त दूधवाला यायचा, त्या घरी दुर्बिणी लटकवलेले परदेशी पाहुणे यायला लागले. 'परवा आमच्याकडचे पाहुणे म्हणाले...' अशी तिची वाक्यं सुरू व्हायला लागली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी घरी येऊन भांडी आपटायचे.

"दोन बश्या फुटल्या आज," हे शांतपणे म्हणायचे. "या महिन्यात पाच."

आमचे हे असेच. गावात त्यांना कोणी नावाने ओळखत नाही, मोजणीदार म्हणतात. हिवाळ्यात पाणपक्ष्यांची मोजणी करायची, हे त्यांच्या कामातलं एक काम, पण त्यांनी तेच आयुष्य करून टाकलं. डाव्या मुठीत नेहमी एक छोटं यंत्र, खटका दाबला की आकडा एकाने पुढे जातो. रस्त्याने जाताना हे विजेचे खांब मोजतात. आमच्या लग्नाला दोनशे सत्तावीस माणसं होती आणि त्यातली एकोणीस न जेवता गेली, हे त्यांना अजून पाठ आहे. सुपारी चघळणारी माणसं मी पाहिली आहेत, हे आकडे चघळतात.

पण हजारो पक्षी एकदम उडतात तेव्हा खटका कामाचा नाही. तेव्हा डोळ्यांत दहाचा किंवा शंभराचा घास धरायचा आणि असे किती घास आहेत ते बघायचं. त्यासाठी सराव लागतो. हिवाळा तोंडावर आला की रोज दुपारी मी काळ्या ट्रेवर मूठभर तांदूळ फेकायचे. हे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "तीनशे चाळीस." मग मी एकेक दाणा मोजायचे. तीनशे बावन्न. "बारा चुकलो," असं म्हणून त्यांचा चेहरा असा पडायचा की मला एखादा दाणा लपवावासा वाटायचा. एकदा लपवलाही. त्यांनी ट्रेच्या खालून काढून दाखवला.

अशा माणसाच्या तळ्याला यादीत जागा नाही, आणि पाहुण्यांना बघून दात दाखवणाऱ्या भावोजींच्या तळ्याला आहे, याचा मला संताप यायचा. ह्यांना मात्र काहीच वाटत नसावं असं दिसायचं. मी कुरकुर केली की म्हणायचे, "ते खोल तळं, आपलं उथळ. त्यांच्याकडे बदकं, आपल्याकडे चिखलातले पक्षी. ज्याचं त्याच्यापाशी." एवढं बोलून गमबूट चढवून निघून जायचे. मला वाटायचं, देवाने या माणसाच्या पोटात आतडी घातली, हेवा घालायला विसरला.

त्यात तीन वर्षांपूर्वी एक आशा फुटली. नियम असा आहे, की एखाद्या पाणथळीवर नेमाने वीस हजार पाणपक्षी येत असतील तर ती यादीत जाऊ शकते. आणखीही नियम आहेत, पण आमच्या चिखलाला लागू पडेल असा हा एकच. नेमाने म्हणजे किती? आमच्या कार्यालयाने ठरवलं, सलग तीन हिवाळे. पहिल्या हिवाळ्यात ह्यांनी मोजले वीस हजार सहाशे चाळीस. दुसऱ्या हिवाळ्यात एकवीस हजार एकशे पंच्याऐंशी. आता एकच वर्ष राहिलं होतं. मी मनातल्या मनात न्हाणीत गरम पाण्याचा नळ कुठे बसवायचा तेही ठरवून टाकलं.

मग तिसऱ्या हिवाळ्याआधी कार्यालयातून पत्र आलं. यंदा आकडा आला तर धाकट्या तळ्याचं नाव पुढे पाठवू. नाही आला तर फाईल बंद, आणि फाईलबरोबर इथली राखणदारीही बंद. मोजणीदारांना थोरल्या तळ्यावर सहायक म्हणून घेण्यात येईल. राहायची सोय, तिथल्या राखणदारांच्या घरामागची खोली.

भावोजींच्या हाताखाली. ताईच्या घरामागे. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा शेवटच्या ओळीला माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

यंदा पक्षी कमी होते. मोजणीच्या आधीच्या आठवड्यात हे अंदाज घ्यायला जायचे आणि परत येऊन गमबूट घासत बसायचे. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "साडेअठरा हजार. बदकं सगळी वरच थांबलीत."

वरच! म्हणजे ताईकडे. बदकांनासुद्धा तिचंच घर बरं वाटतं.

देशभराची मोजणी एकाच सकाळी होते, सूर्य उगवल्यापासून तीन तास. पक्ष्याला कुठे ठाऊक असतं कोणतं तळं कोणाचं. इथे मोजलेला उडून तिथे जाऊन परत मोजला जाऊ नये म्हणून सगळीकडे एकच वेळ. त्याआधी राखणदारांची जिल्ह्याच्या गावी दोन दिवस बैठक असते. हे आणि भावोजी जीपमधून बैठकीला गेले. दुपारी ताईचा निरोप आला: पुरुषमाणसं नाहीत, चहाला ये.

मी गेले. आपण जातोच. न जाऊन करतो काय?

ताईने चहा केला, बिस्किटं काढली, आणि पत्राच्या काचेवरची धूळ पुसत म्हणाली, "चिमे, चल, तुला एक गंमत दाखवते." मला आजही ती चिमीच म्हणते, माझे गुडघे दुखायला लागले तरी. तिने मला मागच्या खोलीकडे नेलं. दार उघडलं. आत ओल्या रंगाचा वास. भिंती फिकट पिवळ्या, नवा पलंग, आणि तिच्या स्वयंपाकघराकडे उघडणारी एक खिडकी.

"म्हटलं, आधीच रंग काढून घ्यावा," ताई म्हणाली. "तुला पिवळा आवडतो ना?"

"आमची मोजणी अजून व्हायचीय, ताई," मी म्हटलं.

"हो गं. झालंच तर सोन्याहून पिवळं. पण नाही झालं तर उघड्यावर थोडीच टाकणार आहे मी तुला?"

आता तुम्ही म्हणाल, बहीण प्रेमाने बोलली. बोललीच. तिचं प्रेमच मला बोचतं, शिवी दिली असती तर मी हसून परत आले असते. मी म्हटलं, "छान आहे खोली," आणि पायात चपला सरकवून निघाले. घरी जायचा रस्ता उजवीकडे होता. मी डावीकडे वळले.

डावीकडे लव्हाळ्यांच्या मागे थोरल्या तळ्याचं गेट आहे. गेट म्हणजे दोन दगडी खांब, त्यांना खाचा, आणि खाचांत एकावर एक आडव्या सरकवलेल्या लाकडी फळ्या. फळ्या घातल्या की पाणी तळ्यात राहतं, काढल्या की कालव्याने खाली आमच्याकडे येतं. हिवाळ्यात त्यांना कोणी हात लावत नाही. बाजूला लोखंडी आकडा पडलेला असतो. वीस वर्षं राखणदाराची बायको आहे मी, फळी कशी उचलतात ते मला शिकवावं लागत नाही.

माझ्या डोक्यात ह्यांचंच एक जुनं वाक्य होतं. एका वर्षी या फळ्या कुजून फुटल्या होत्या, थोरलं तळं उतरलं होतं आणि चार हजार बदकं खाली आमच्याकडे आली होती. 'पाणी उतरलं की बदकं खाली येतात,' असं हे म्हणाले होते. मला चार हजार नकोच होती. दीडच हजार हवी होती. ताईची काही ती संपणार नव्हती.

मी तीन फळ्या काढल्या. कोपरापर्यंत भिजले. फळ्या लव्हाळ्यांत ढकलल्या आणि बांधावरून घरी आले. वाटेत पाणी माझ्या बाजूने खळखळत येत होतं आणि खोटं कशाला बोलू, मला आठ वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत बसून बदकांची वाट बघितली. दुपारपर्यंत साठेक आली असतील. येतील, येतील, म्हणत मी आकाशाकडेच डोळे लावून बसले. चिखलाकडे मी बघितलंच नाही. जे होतं त्याला काय बघायचं? ते तर रोजचंच होतं.

संध्याकाळी धुकं दाटल्यावर हे परतले, जेवले आणि झोपले.

मोजणीच्या सकाळी आम्ही दोघं बंधाऱ्यावर गेलो. हे दुर्बिणीतून बघून बोलतात, मी लिहिते. इतकी वर्षं हेच आमचं ठरलेलं. धुकं हळूहळू वर गेलं. ह्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली, आणि बोललेच नाहीत. मी पेन्सिल धरून उभी. शेवटी त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि नुसत्या डोळ्यांनी बघायला लागले, जणू दुर्बीणच बिघडली असावी.

आमच्या तळ्याचं सगळं वैभव म्हणजे चिखल. पूर्वेच्या बाजूला मैलभर पसरलेला, वर नखभर पाणी. त्यावर टिलवे येतात. टिलवा म्हणजे चिमणीएवढा पक्षी, चिखलात चोच खुपसून किडे वेचतो. थंडीत असे आठ-नऊ हजार टिलवे आमच्याकडे असतात. ज्या वर्षी फळ्या फुटल्या होत्या ते कोरडं वर्ष होतं, आमच्या जमिनीने वरचं पाणी पिऊन टाकलं होतं. यंदा तळं काठोकाठ होतं. माझं पाणी आलं आणि चिखलावर पसरलं.

हे पाण्यात उतरले, पातळी मोजायच्या खुंटावरच्या खुणा बघितल्या आणि म्हणाले, "चार बोटं चढलंय."

चार बोटं म्हणजे तुम्हा-आम्हाला काहीच नाही. टिलव्याचा अख्खा पाय दीड बोटाचा.

तरी ह्यांनी मोजणी पूर्ण केली. तीन तास. बदकं, बगळे, लांब पायांचे शेकाटे, एकूण एक. टिलवा तेवढा एकही नाही. मी लिहीत गेले. बेरीज झाली नऊ हजार नऊशे बारा.

"अहो," मी म्हटलं, "वीस हजारच लिहू या ना. कोण बघायला आलंय? गेल्या वर्षी होतेच ना? परवा होतेच ना?"

"आज किती होते?"

मी बेरजेवर बोट ठेवलं.

"मग तेवढेच लिही."

मी लिहिलं. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि तसेच चिखलाच्या बुटांनी बांधावरून वर निघाले. चाळीस मिनिटांची वाट त्यांनी पंचवीस मिनिटांत संपवली. मी मागे धावत होते आणि वाटेत दहादा तोंड उघडलं, दहादा मिटलं.

ताईच्या ओसरीवर मोजणी बघायला आलेले खात्याचे निरीक्षक चहा घेत बसले होते. भावोजी खुशीत होते. "या मोजणीदार! एकेचाळीस हजार तीनशे! आणि गंमत ऐका, टिलवे नऊ हजार. आमच्याकडे कधी दोनशेच्या वर बघितले होते का टिलवे? काठाचं पाणी जरासं उतरलंय, चिखलावर नुसते दाणे पसरल्यासारखे बसलेत!"

म्हणजे बदकं तिची तिच्याकडेच राहिली, वर माझे टिलवेही मी तिला नेऊन दिले. करायला गेले काय आणि वर झाले पाय.

आमच्या ह्यांना मी उभ्या जन्मात ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "फळ्या कोणी काढल्या?" ते म्हणाले. "साडू, गेटच्या फळ्या कोणी काढल्या? सगळं मिळालंय तुम्हाला. मनोरा मिळाला, जीप मिळाली. माझा चिखल तेवढा राहिला होता, तोही बघवला नाही?"

भावोजींनी कप खाली ठेवला. "कसल्या फळ्या? मी बैठकीला होतो तुमच्याबरोबर!"

निरीक्षक उठून उभे राहिले. यादीतल्या तळ्याच्या पाण्यात फेरफार म्हणजे साधी गोष्ट नव्हे; वरपर्यंत उत्तर द्यावं लागतं. "कोणी काढल्या फळ्या?" त्यांनी सगळ्यांकडे बघून विचारलं.

मी दाराला टेकून उभी होते. आतून ताई हात पुसत बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं. नुसतंच बघितलं, जेवढा वेळ डब्याचं झाकण लावायला लागतो तेवढा.

"मी काढल्या," ती निरीक्षकांना म्हणाली. "गेटपाशी घाण साचून वास मारत होता. म्हटलं, थोडं पाणी वाहू दे. परत घालायचं विसरले."

भावोजींनी कपाळाला हात लावला. निरीक्षक तिला खूप बोलले. जगाच्या यादीतलं तळं आहे हे, बाई, तुमच्या मोरीचं भोक नाही, असंही बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. माझी ताई, जिने शाळेतसुद्धा बाईंचं एक वाक्य निमूट ऐकून घेतलं नाही! आणि मी काय केलं? दारात उभी राहिले आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की हिला हेसुद्धा माझ्याहून चांगलं जमतं.

मग जे व्हायचं ते झालं. भावोजींना लेखी ताकीद मिळाली. सतरा जागांच्या राखणदारांचा राजधानीत मेळावा होता, तिथे त्यांचं भाषण ठरलं होतं. ते रद्द झालं. भाषणासाठी शिवलेला कोट खुंटीवरच राहिला. ते महिनाभर ताईशी धड बोलले नाहीत. एकेचाळीस हजारांचा त्यांचा आकडा बाद. आणि आमचा नऊ हजारांचाही बाद. पाण्यात ढवळाढवळ झाल्यामुळे दोन्ही तळ्यांची फेरमोजणी, पंधरा दिवसांनी.

त्या पंधरा दिवसांत फळ्या जागेवर गेल्या, चिखल उघडा पडला, टिलवे परतले. उत्तरेकडे थंडी कडाडली आणि बदकांचे नवे थवे उतरले. फेरमोजणीला निरीक्षक स्वतः आमच्या बंधाऱ्यावर येऊन बसले. वीस हजार तीनशे सात.

धाकटं तळं यादीत गेलं. देशातली अठरावी जागा.

तीन वर्षं मी ज्याची वाट बघितली ते झालं, शिवाय ताईची नाचक्कीही झाली. माझ्या पोटात गारवा पडायला हवा होता. पडला नाही. हे जेवताना मधेच म्हणायचे, "बघवलं नाही त्यांना," आणि मी आमटी आणायला उठायचे. ताईकडे जाणं-येणं बंद झालं. बांधावरून मी अर्ध्या वाटेपर्यंत जायचे आणि परत फिरायचे.

परवा आमच्या फाटकावर बोर्ड आला. तळ्याचं नाव, यादीतलं स्थान, आणि खाली जगाचं चिन्ह. हे शिडीवर चढून खिळे ठोकत होते, मी खाली शिडी धरून. हातोडी मारता मारता म्हणाले, "तुझ्या बहिणीला मात्र हे बघायला बोलावू नकोस."

माझ्या तोंडून निघून गेलं, "फळ्या मी काढल्या होत्या."

हातोडी थांबली नाही. त्यांनी तो खिळा पुरता आत घातला. मग म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"निरीक्षकांनी लेखी जबाब घेतला, त्यात तुझ्या ताईने दोन फळ्या सांगितल्या. दोन फळ्यांनी आपल्याकडे अडीच बोटं चढलं असतं. चार बोटं म्हणजे तीन फळ्या. जिने काढल्या तिला आकडा माहीत असता." त्यांनी दुसरा खिळा ओठांतून काढला. "आणि त्या दिवशी बैठकीहून आलो तेव्हा दोरीवर तुझा स्वेटर होता. कोपरापर्यंत चिखलाने भरलेला."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी बोर्डाचा कोपरा अंगठ्याने दाबून बघितला.

"फळ्या जागेवर असत्या तर त्या दिवशी साडेअठरा हजारच आले असते," ते म्हणाले. "फेरमोजणी झाली म्हणून वीस आले. मी बोललो असतो तर फेरमोजणी कसली? राखणदाराच्या घरातच चोर निघाला म्हणून फाईल फाडली असती. आठ वर्षं मी त्या मनोऱ्याकडे बघतोय गं. तू भांडी आपटायचीस, मला तेही करता येत नव्हतं. साडूला शिव्या देणं सोपं पडलं."

इतकी वर्षं मी ज्या माणसाला बिनहेव्याचा समजत होते, तो माझ्याच पंगतीत बसलेला निघाला. फक्त तो आवाज न करता जेवत होता.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "बोर्ड सरळ आहे का बघ."

बोर्ड सरळ होता. मी ना पदर सावरला ना केस, होते तशी बांधावर चढले आणि या वेळी अर्ध्यातून फिरले नाही.

ताई मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. मला बघून तिने चिमटा तोंडातून काढला. "आलीस? ये. चहा टाकते."

"ताई, तुला कसं कळलं?"

"गेटकडून आलीस, बाह्या भिजलेल्या, तोंड मांजरासारखं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं मी. तेव्हा वाटलं हात धुतले असतील. मोजणीच्या दिवशी कळलं काय धुतलंस ते."

"मग खोटं का बोललीस? भावोजींचं भाषण गेलं."

"त्यांचं भाषण मी सात वेळा ऐकलं होतं, देशाचं काही नुकसान झालं नाही." ती हसली नाही. "तू इथे मागच्या खोलीत येऊन राहिली असतीस ना, त्या खिडकीतून रोज माझ्या डब्यांत काय आहे ते बघितलं असतंस. चाळीस मिनिटांवरून सोसलं मी तुला. खिडकीतून नसतं सोसवलं."

"मग खोलीला रंग कशाला दिलास?"

"द्यावा लागतो. बहीण आहेस."

मी म्हटलं, मी निरीक्षकांकडे जाते, खरं काय ते सांगते, भावोजींवरची ताकीद तरी मागे घेतील. ती म्हणाली, "आणि तुमचं तळं यादीतून काढतील. मग टिलव्यांनी कुठे जायचं, माझ्या न्हाणीत? गप बस." मग तिने चहा ओतला. आम्ही दोघी ओट्यावर बसलो.

"बोर्ड लागला म्हणे तुमचा," ताई म्हणाली.

"आजच लागला."

"केवढा आहे?"

ती कपात बघत होती, पण आवाज मी ओळखला. चाळीस वर्षं मी स्वतः त्या आवाजात बोलत आले आहे. ताईच्या तोंडून तो मी पहिल्यांदाच ऐकला.

"तुमच्याएवढाच," मी म्हटलं.

आमचा वीतभर मोठा आहे. ह्यांनी मोजलाय.